‘निबंध’ आणि ‘प्रबंध’ : एक शब्दविचार

हिंजवडी (ता. मुळशी) येथें राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें गेल्या मासीं विचारिलें कीं, विद्यापीठास सादर करावयाच्या लेखनास ‘प्रबंध’ कां म्हणावें, ‘निबंध’ कां नव्हे ? प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

दोन्ही शब्दांचा धातु ‘बन्ध्’ हाच. उपसर्गांनीं वाटा भिन्न झाल्या. ‘प्रबंध’ म्हणजे सलग बांधलेली रचना. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरांत तो गेय रचनेचा वाचक आहे, मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणींत (वि. सं. १३६१) राजे व विद्वान् यांच्या आख्यानांचा. ‘तजवीज’ हा अर्थ हिंदींत विशेष रूढ झाला. राष्ट्रीयीकृत बँकांचे ‘शाखा प्रबंधक’ ते याच वाटेनें आले.

‘निबंधा’चा इतिहास अधिक उद्बोधक आहे. राजानें भूमि अथवा ‘निबंध’ दिल्यास त्याचा लेख करवावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. म्हणजे येथें निबंध हा लेख नव्हेच. तें नेमून दिलेलें उत्पन्न होय. चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या काळीं कल्याणीस मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें याचें उदाहरण, पानांच्या एका ओझ्यामागें अमुक पानें, असें दिलें आहे. आपल्याकडील वतनदारांचे हक्क याच जातीचे. इंग्रजी अमदानींत मुंबईच्या न्यायालयानें अशा वंशपरंपरागत हक्कांस निबंध मानून स्थावरांत गणिलें. हिंजवडींतील सदनिकांचे दस्त आज ज्याच्यापुढें नोंदले जातात, तो ‘दुय्यम निबंधक’ही याच कुळांतला.

धर्मशास्त्रांत मात्र विखुरलेलीं वचनें एकत्र बांधून त्यांचा विरोध मिटविणारा ग्रंथ तो निबंध. हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणि, कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२), काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०) हे निबंधग्रंथच. यांत वचन आधीं, स्वमत मागाहून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेनें (१८७४) हा क्रम पालटला. तिच्या ८४ अंकांत लेखकाचें मतच पुढें उभें असतें. मराठी गद्यास त्याचा लाभ झाला, हें निर्विवाद. पण पुढें शाळेंत निबंध म्हणजे ‘माझा आवडता ऋतु’ एवढेंच उरलें. (त्या पापांत आमचाही वाटा आहे.) शब्दाचें वजन असें उतरल्यावर विद्यापीठांनीं ‘प्रबंध’ पत्करला, तर नवल नाहीं.

विद्यार्थ्यास आम्हीं कळविलें कीं, मुखपृष्ठावर ‘प्रबंध’ खुशाल असूं द्यावें, परंतु आंत हेमाद्रीचा निबंध असावा. त्यानें पाठविलेल्या पहिल्या प्रकरणांत निम्म्या विधानांस आधार दाखविलेला नव्हता. तें आम्हीं परत केलें आहे.