नवख्याचा रविवार

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून जो इतिहास येतो तो बहुधा संस्थापकांचा, देणगीदारांचा आणि वसतिगृहाच्या पायाभरणीचा असतो. तो यावयासच हवा. परंतु ज्यांच्या दोन-दोन, चार-चार आण्यांच्या वर्गणीवर या संस्था उभ्या राहिल्या, ती माणसे गावाहून मुंबईस आली तेव्हा प्रथम कशास भ्याली, कशास भुलली, आणि हाती मोकळा वेळ आला तर तो त्यांनी कोठे घालविला, याची नोंद आपल्या दप्तरांत सापडावयाची नाही. जुन्या सभांचे वृत्तान्त चाळले तर सभा रविवारी भरल्याचे मात्र हटकून दिसते. तो रविवार आला कोठून, हे कोणी विचारीत नाही.

गावी रविवार असा नव्हताच. तेथील सुटी सणाची, अमावास्येची, नाही तर पावसाने घरात कोंडून घातल्याची. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ ते १८५६ या काळात उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षे गिरणीचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होऊन सूर्यास्ताबरोबर संपे. आठवड्याची ठरलेली सुटी नसे. ती मागावयास नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. सत्यशोधक समाजाच्या या कार्यकर्त्याने १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या; पुरुषांच्या सभांतून स्त्रियांचा आवाज क्वचितच निघे अशा काळातील ही गोष्ट आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. आपण ज्या दिवशी सभा भरवितो, वधूवरांच्या पत्रिका जुळवितो आणि दुपारी वामकुक्षी करतो, तो दिवस त्यांनी मिळवून दिलेला आहे. त्यांचे नाव आपल्या किती घरांत घेतले जाते, ते ज्याचे त्याने आठवावे.

माझे आजोबा मुंबईस आले ते १९१९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी. मुसाकाजीच्या बंदरातून पडावाने आगबोटीपर्यंत जावयाचे, बोटीवर एक रात्र काढावयाची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, हा त्या काळच्या राजापुरी माणसाचा ठरलेला मार्ग. तेव्हाची मुंबई म्हणजे परक्यांचेच गाव. १९२१ च्या शिरगणतीत शहरातील शेकडा ऐंशीहून अधिक माणसे बाहेर जन्मलेली निघाली, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे नवखा येई तो पुरुषांच्या खोलीत. आजोबांच्या गावकऱ्यांची खोली लालबागेत होती. एका खोलीत अठरा माणसे. रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीचे त्याच वळकटीवर टेकत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबाने.

आजोबांस मुंबईचे पहिले नवल वाटले ते राजाबाई टॉवरचे नव्हे, बोरीबंदरचेही नव्हे. ते वाटले नळाचे. गावी पाण्यासाठी विहिरीचा रहाट ओढावा लागे, आणि विहीर कोणाची, काठावर कोणी चढावयाचे, हे जन्मापूर्वीच ठरलेले असे. मुंबईत तोटी पिळली की पाणी! विहार तलावाचे पाणी शहरास १८६० पासून मिळत होते, तानशाचे १८९२ पासून. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो म्हणून सोवळ्या मंडळींनी आरंभी हे पाणी विटाळलेले मानले. परंतु तहान ही सोवळ्याहून मोठी, आणि हळूहळू सर्वांनीच तोटीखाली कळशी लावली. मात्र यावरून नळाने भेद धुऊन काढला असे समजण्याचे कारण नाही. काही चाळींतून अस्पृश्य मानलेल्यांचा नळ निराळाच असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत व्हावा लागला, यातच सारे आले.

रविवारी सकाळी खोलीत पत्रे लिहिली जात. ज्यास अक्षरओळख, त्याच्याभोवती कोंडाळे. आजोबा मराठी चौथी झालेले, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले, आणि इतरांची सुखदुःखे लिहिता लिहिता आपण शहाणे झालो असे ते म्हणत. दुपारी पायी राणीचा बाग. १८६२ मध्ये उघडलेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. नवखा तेथे वाघ पाहावयास जाई. आजोबांच्या मनात भरला तो दगडी हत्ती. बोटीतून येताना उजव्या हातास घारापुरीचे बेट लागले होते, त्याच बेटावरचा हा हत्ती. १८६४ मध्ये तो विलायतेस नेण्याच्या खटपटीत मोडला आणि १९१४ च्या सुमारास पुन्हा जोडून या बागेत उभा केला गेला. “हाही माझ्यासारखाच, पाण्यावरून आलेला,” असे ते आम्हा मुलांस सांगत.

परतताना इराण्याचे हॉटेल. हिंदू दुकानदार कोपऱ्यावरची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस मिळाली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, काळ्या वाकीव लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि चहा. येथे पंगत नव्हती. शेजारी कोण बसला हे विचारावयाची सोय नव्हती आणि विचारण्यास वेळही नव्हता. आजोबांनी पहिला चहा भीतभीत घेतला, कारण परक्याच्या हातचे खाल्ले-प्यालेले कळले तर वडीलधाऱ्यांच्या बैठकीत जाब द्यावा लागे. दुसऱ्या रविवारी पाहतात तो बैठकीचे एक प्रमुख गृहस्थ कोपऱ्यातल्या टेबलाशी बशीत चहा ओतून फुंकीत बसलेले! दोघांनी एकमेकांस पाहिले आणि दोघांनीही पाहिले नाही. तो विषय बैठकीत कधी निघाला नाही. आपल्या ज्ञातीत रोटीबंदी कोणत्या ठरावाने उठली हे शोधणाऱ्यांस तो ठराव दप्तरात मिळत नाही. माझ्या मते तो त्या टेबलाशी न बोलता संमत झाला.

करमणुकीची दुसरी जागा म्हणजे नाटक-सिनेमा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दाखविली गेली तेव्हा प्रवेशास रुपया पडे. गिरणीतल्या माणसाने तेथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि हा खेळ आपला झाला. त्यातील तारामतीचे काम करणारे अण्णा साळुंके हे मूळचे उपाहारगृहातील आचारी. आचाऱ्याची राणी झालेली पाहून खानावळीत जेवणाऱ्यास काय वाटले असेल, याची कल्पना करावी. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त ‘मानापमान’ बालीवाला थिएटरात झाला, त्याची तिकिटे शंभर रुपयांपर्यंत होती. आमच्या मंडळींनी त्याची वर्णने तेवढी ऐकली. पुढच्याच वर्षी परळला दामोदर हॉल झाला आणि कामगार स्वतःच रंगमंचावर चढले. गावचा दशावतार आणि नमन-खेळे मुंबईत शिळे झाले नाहीत. त्यांस तेथे नवे प्रेक्षक मिळाले.

आता एक अप्रिय गोष्ट, जी स्मरणिकेत छापली जात नाही. रविवारी ट्रामच्या बाकावर आणि इराण्याच्या टेबलाशी जे जमत होते, ते सोमवारी गिरणीत जमत नव्हते. विणाई खात्यात पगार बरा, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्यांस प्रवेश नव्हता. धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो उष्टा होतो, हे कारण. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. आजोबा विणाई खात्यात होते. आपण त्या वेळी काय बोललात, असे मी एकदा विचारले. “काही नाही,” ते म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

स्त्रियांचा रविवार तर लिहिण्याजोगाही नव्हता. आजी १९२९ साली मुंबईस आली. पिठाची गिरणी आली, जाते गेले. पण पहाटे पाणी येई तेव्हा रांग, आणि सुटीच्या दिवशी घरी येणारे गावकरी अधिक. “जात्यावरून सुटले ती नळाशी अडकले,” असे ती म्हणे. तिची मुंबई म्हणजे चाळीची गॅलरी, मंगळागौर आणि वर्षातून एकदा चौपाटी. तिच्या सासऱ्यांनी समुद्र दारापुढे असतानाही तिला कधी वाळूत बसू दिले नव्हते. गिरगावच्या वाळूत ती भेळ खात बसली, तेव्हा आपण कोणाची सून हे तेथे कोणासच ठाऊक नाही याचे तिला फार सुख वाटले.

मुंबईत ट्राम ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली. कुलाबा ते पायधुणी भाडे आरंभी तीन आणे, पुढे दोन. आजोबांनी पहिल्या पगाराच्या रविवारी कोठेही जावयाचे नसताना ट्रामने एक फेरी केली होती. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आजोबा मला घेऊन रस्त्याच्या कडेस गर्दीत उभे होते. डबा माणसांनी ओसंडून चालला होता, आत शिरणे शक्य नव्हते. त्यांनी टोपी काढली, ट्राम वळेपर्यंत हातात धरली, आणि मग माझे बोट धरून आम्ही लालबागेपर्यंत चालत आलो.