196 पैकी 33 : पुण्याच्या उंदरांची साक्ष

जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. नवं संकट आलं, असं बऱ्याच जणांना वाटलं. पण पुण्यातली एक जुनी नोंद वेगळंच काही सुचवते.

1952 साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. आजची एनआयव्ही ती हीच. डासांमुळे पसरणारे कुठले विषाणू आपल्याकडे आहेत, हे शोधायचं होतं. आता रुग्ण कुठे शोधणार? ताप येतो, चार दिवसांत उतरतो, माणूस परत शेतावर. पण त्या तापाशी लढताना तयार झालेली प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून धडधाकट लोकांचं रक्त घेतलं.

चाचणी कशी? रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, विषाणूत मिसळायचा आणि ते मिश्रण उंदरांच्या मेंदूत टोचायचं. उंदीर मेले तर रक्तात संरक्षण नाही. जगले, तर या माणसाची त्या विषाणूशी आधी गाठ पडली असावी. क्रूर पद्धत, पण तेव्हा हीच भरवशाची.

स्मिथबर्न, कर आणि गटणे (पुलंचे नव्हेत!) यांचा निबंध 1954 मध्ये छापून आला. झिकासाठी तपासलेल्या 196 जणांपैकी 33 जणांच्या रक्तात संरक्षण दिसलं. युगांडातल्या झिका जंगलात माकडामध्ये हा विषाणू सापडला होता 1947 मध्ये, म्हणजे अवघ्या काही वर्षांपूर्वी!

यावरून ‘1952 मध्येच भारतात झिका होता’ असं बिनधास्त लिहिलं जातं. मी तसं म्हणणार नाही. डेंग्यू, वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर आणि झिका हे सगळे एकाच कुळातले. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही थोडीफार अडवतात. त्या 33 जणांना झिकाच झाला होता की त्याचा एखादा भाऊबंद, हे उंदीर कसं सांगणार? खुद्द विषाणू काही तेव्हा हाती लागला नव्हता.

आणि हा घोळ नुसता इतिहासातला नाही बरं का. 2016 पासून फिलिपिन्समध्ये 8 लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. पुढच्याच वर्षी कळलं, की आधी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका उलट वाढतो. तेव्हा 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं, की आधी रक्तातली प्रतिपिंडं तपासा, मग लस द्या. आता समजा, एखाद्या मुलाला झिका होऊन गेलाय, आणि चाचणीनं त्यालाच डेंग्यू समजून ‘द्या लस’ म्हटलं तर?