धान्य वाहूं लागतें तेव्हां

पोत्याचें तोंड सोडलें कीं गहूं पाण्यासारखा वाहतो. खालीं त्याची रास झाली कीं तीच रास हाताचा भार सोसते. द्रव म्हणावें तर ढीग राहतो, घन म्हणावें तर ओघळतो. या कोड्याचा पाठलाग शास्त्रज्ञ अडीचशें वर्षें करीत आहेत.

१७७३ सालीं कूलोम या फ्रेंच लष्करी इंजिनियरानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें एक निबंध मांडला. मार्टिनीक बेटावर किल्ल्याचें बांधकाम केल्यामुळें मातीचा भिंतीवरील रेटा त्याच्या चांगला परिचयाचा होता. माती घसरूं केव्हां लागते, हें त्यानें घर्षणाच्या आधारें सांगितलें. घसरल्यावर ती किती वेगानें जाईल, याविषयीं मात्र त्याचा नियम मुका आहे.

१८९५ मध्यें ब्रेमेनच्या यान्सेननें धान्याच्या उंच कोठारांचा प्रश्न हातीं घेतला. त्यानें लहान नमुने करून त्यांचा तळ भिंतींपासून सुटा ठेवला व तराजूवर तोलला. धान्य भरत गेलें तरी विशिष्ट उंचीनंतर तळावरील वजन फारसें वाढेना. उरलेला भार घर्षणामुळें भिंती उचलीत होत्या. पाण्याच्या टाकीचा हिशोब धान्यास लावणारा इंजिनियर तळ उगाच जाड करील आणि भिंती दुबळ्या ठेवील! धान्य खालून काढूं लागलें म्हणजे तर यान्सेनचें गणितही अपुरें पडतें. वाहत्या धान्याचा रेटा ठिकठिकाणीं एकाएकीं वाढतो.

लिबियाचें वाळवंट मोटारींतून पालथें घातलेल्या बॅग्नोल्डनें १९५४ सालीं दोन नळकांड्यांच्या मध्यें द्रवांत मेणाच्या गोळ्या फिरविल्या. वेग दुप्पट केला तर दाब चौपट होतो, असें त्यास आढळलें. (२००२ च्या फेरतपासणींत यंत्राच्या घडणीचाच परिणाम त्या आंकड्यांत मिसळला असल्याचें दिसून आलें.)

२००६ मध्यें मार्सेयच्या झोप, फोर्टेर आणि पुलिकेन यांनीं वाहत्या दाण्यांचें घर्षण एका गुणोत्तरावर बसविलें : दाबाखालीं दाण्यास शेजारच्या पोकळींत बसण्यास लागणारा काळ आणि थरास थरावरून सरकण्यास लागणारा काळ. कांचेच्या मण्यांच्या ढिगावरून वाहणाऱ्या थराचे वेग या नियमाशीं चांगले जुळले.

परंतु २०१५ सालीं बार्कर, ग्रे आदींनीं दाखविलें कीं, प्रवाह फार मंद किंवा फार जलद झाला कीं या समीकरणांत सूक्ष्म चूकही बेसुमार वाढते. २०१७ मध्यें बार्कर व ग्रे यांनीं घर्षणाचें सूत्र बदलून हा दोष पुष्कळ आटोक्यांत आणला. त्याची किंमत मात्र पडली : त्या नव्या गणितांत स्वस्थ पडलेली रासही अतिमंद गतीनें ओघळतच राहते.