म्होरक्या कोण?

१९३३ साली केनेथ रेपर यांना नॉर्थ कॅरोलायनातल्या जंगलात, कुजणाऱ्या पानांमध्ये, एक अमीबा सापडला. नाव लांबलचक: डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम. प्रयोगशाळांमध्ये त्याला लाडानं डिक्टी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

खायला जीवाणू आहेत तोवर प्रत्येक डिक्टी एकटा. खातो, दुभंगतो, पुन्हा खातो. शेजाऱ्याशी काही देणंघेणं नाही. अन्न संपलं, की काही तासांत चित्र पालटतं. विखुरलेले अमीबा ओहोळांसारख्या रांगा करून जागोजागी जमू लागतात. एकेका ठिकाणी लाखभरसुद्धा. सगळ्यांचा मिळून काही मिलिमीटर लांबीचा, गोगलगाईसारखा एक देह तयार होतो. तो उजेडाकडे सरपटत जातो, थांबतो आणि उभा राहतो. साधारण पाचवा हिस्सा पेशी देठ बनतात आणि मरतात. उरलेल्या वर चढून बीजाणू होतात आणि पुढच्या सुगीची वाट बघतात.

हे सगळे एकमेकांना शोधतात कसे? १९४७ मध्ये जॉन टायलर बॉनर यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. जमणाऱ्या अमीबांवरून त्यांनी पाणी हळूहळू वाहतं ठेवलं. प्रवाहाच्या खालच्या बाजूचे अमीबा घोळक्याकडे निघाले, वरच्या बाजूच्यांना पत्ताच नाही. म्हणजे घोळक्यातून काहीतरी पाण्यात सुटत होतं. स्पेन्सरच्या महाकाव्यातल्या ॲक्रेशिया या मोहिनी घालणाऱ्या चेटकिणीवरून बॉनर यांनी त्याला ‘ॲक्रेसिन’ म्हटलं. डिक्टीचं ॲक्रेसिन म्हणजे सायक्लिक एएमपी हा रेणू, हे कळायला १९६७ उजाडलं.

हाक सापडली. आता प्रश्न उरला: पहिली हाक कोण मारतं? त्या काळचं लोकप्रिय उत्तर होतं, काही खास पेशी. त्या आधी हाक मारतात, बाकीच्या मागून येतात. ऐकायला किती सोपं! गर्दी आहे म्हणजे म्होरक्या असणारच.

इथे गोष्टीत एव्हलिन फॉक्स केलर येतात. शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये पीएचडी करताना बाई म्हणून जो एकटेपणा आणि जी हेटाळणी सोसावी लागली, त्याबद्दल त्यांनी पुढे उघडपणे लिहिलं. त्यांच्या जोडीला होते उपयोजित गणिती ली सेगेल. सेगेल यांचा अभ्यास द्रवांचा. द्रवाचा पातळ, सपाट थर खालून तापवत नेला, की एका मर्यादेपर्यंत काहीच घडत नाही. ती ओलांडली, की त्यात आपोआप मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते. ती कुठून सुरू करायची हे कुठलाही थेंब ठरवत नाही.

दोघांनी अमीबांकडे त्याच नजरेनं पाहिलं. १९७० मध्ये छापलेल्या त्यांच्या मॉडेलचा गाभा म्हणजे एक ओढाताण. एकीकडे अमीबांचं दिशाहीन भटकणं, ज्यामुळे ते सगळीकडे सारखे पसरतात. दुसरीकडे रसायन जास्त असेल तिकडे सरकण्याची ओढ. समजा, निव्वळ योगायोगानं कुठे चार पेशी जास्त झाल्या. तिथे रसायन थोडं वाढेल, त्यामुळे आणखी पेशी येतील, रसायन आणखी वाढेल. भरल्या पोटी भटकणं जिंकतं आणि असे घोळके विरून जातात. उपाशीपोटी पेशींचा रसायनाचा स्राव आणि त्याबद्दलची संवेदना वाढते, पारडं फिरतं आणि तोच क्षुल्लक योगायोग वाढत जातो. सगळ्या पेशी अगदी एकसारख्या असल्या तरी समीकरण चालतं. म्होरक्या लागतच नाही.

गणितज्ञांना ही समीकरणं फार आवडली. १९७३ मध्ये विद्यानंद नंजुंडय्या यांनी (पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते) सुचवलं, की या मॉडेलमधली गर्दी एका बिंदूत अमर्याद घट्ट होऊ शकते. खऱ्या अमीबांना अर्थातच ते जमणार नाही. पण हा कोसळण्याचा क्षण नेमका कधी येतो, यावर गणितज्ञांनी पुढे ढीगभर प्रबंध लिहिले.

जीवशास्त्रज्ञ मात्र पुढे कितीतरी वर्षं म्होरक्या पेशींच्याच कल्पनेला धरून राहिले. १९८३ मध्ये केलर यांनी यावरच लेख लिहिला. त्यांचा सवाल असा: पुरावा तोकडा असताना ही कल्पना इतकी घट्ट का चिकटते? समाजात हुकूम देणारा आणि पाळणारा बघायची सवय लागलेली नजर पेशींमध्येही तेच शोधते का? मला हा सवाल मूळ मॉडेलपेक्षाही मोठा वाटतो. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. समीकरण ‘म्होरक्या कधीच नसतो’ असं सांगत नाही, ‘तो गृहीत धरायची गरज नाही’ इतकंच सांगतं. कोंबडीच्या गर्भात पुढच्या पेशींचं वागणं मागच्यांपेक्षा खरोखर वेगळं असल्याचंही पुढे दिसलं.

गुडघा खरचटल्यावर जखम भरते, तेव्हाही पेशींचा जथा सरकत असतो. हे अमीबांपेक्षा वेगळं, कारण इथे पेशी एकमेकींना चिकटून, चादरीसारख्या सरकतात. ताटलीत वाढवलेल्या अशा चादरीच्या कडेला बोटांसारखे फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एक मोठी पसरट पेशी दिसते. हीच बाकीच्यांना ओढते, असं वाटणं साहजिक आहे. २००९ मध्ये बार्सिलोनाच्या झावियेर त्रेपात यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जोर प्रत्यक्ष मोजला. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून १९५८ साली घेतलेल्या आणि तेव्हापासून वाढवत आणलेल्या पेशी त्यांनी मऊ जेलवर पसरल्या. जेल कुठे किती ताणलं जातं यावरून पेशींचा जोर कळतो. तो फक्त कडेला नव्हता. कितीतरी रांगा मागेसुद्धा पेशी पायाखालचं जेल ओढत होत्या. सगळी चादरच रस्सीखेच खेळत होती.

मराठीत आपण ‘पुढारी’ म्हणतो. शब्दाकडे नीट पाहिलं, तर तो फक्त ‘पुढे असलेला’ एवढंच सांगतो. ओढणारा कोण, हे सांगत नाही.

केलर २०२३ मध्ये वारल्या. टोकाशी दिसणाऱ्या त्या पसरट पेशींना शोधनिबंधांमध्ये आजही ‘लीडर सेल्स’च म्हणतात.