फ्रे लक्षणसमूह : जबड्याच्या सांध्याच्या इजेनंतरचा

जेवताना, विशेषतः आंबट किंवा तिखट पदार्थ तोंडात पडताच, कानापुढील व कानशिलावरील त्वचेला घाम फुटून ती लाल होण्याच्या विकाराला फ्रे लक्षणसमूह म्हणतात. कानापुढील पॅरोटिड या लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर तो सर्वाधिक आढळतो. परंतु खालच्या जबड्याचे सांध्यात बसणारे टोक, म्हणजे काँडाइल, मोडल्यास किंवा त्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाल्यासही तो उद्भवतो.

ऑरिक्युलोटेम्पोरल हा मज्जातंतू काँडाइलच्या मानेला मागून वळसा घालून कानशिलाकडे चढतो आणि लाळ स्रवण्याची चेतना नेणारे परानुकंपी तंतू त्याच्यामार्फतच पॅरोटिडपर्यंत पोहोचतात. तो तुटला किंवा चेंगरला, तर पुन्हा वाढताना हे तंतू वाट चुकून त्वचेतील घर्मग्रंथींना व सूक्ष्म रक्तवाहिन्यांना जाऊन मिळतात. घर्मग्रंथी अनुकंपी तंतूंच्या अमलाखाली असल्या, तरी त्यांना चेतवणारे रसायनही परानुकंपी तंतूंप्रमाणेच ॲसिटिलकोलीन असल्यामुळे ही चुकीची जोडणी कार्य करू लागते. या वाढीला महिने, कधी वर्षे लागतात. त्यामुळे काँडाइल मोडणारा हनुवटीवरचा जुना मार आणि आजचा घाम यांचा संबंध रुग्णाच्या सहसा ध्यानात येत नाही, आणि लहान मुलांत तर गालावरची लाली अन्नाची ॲलर्जी समजली जाते.

पोलिश मज्जाविकारतज्ज्ञ लुसिया फ्रे यांनी १९२३ मध्ये, गोळीने जखमी झालेल्या एका रुग्णावरून, या विकाराचा त्या मज्जातंतूशी असलेला संबंध उलगडला. तत्पूर्वीही अशी वर्णने झाली होती, पण कार्यकारणभाव नेमका मांडण्याचे श्रेय त्यांचेच. ज्यू असलेल्या फ्रे यांचा १९४२ मध्ये नाझींच्या ताब्यातील ल्वूव शहरात अंत झाला.

दिल्लीत एम्सचे दंतचिकित्सा केंद्र आणि मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था येथे, बालपणी पडल्यामुळे जबड्याचा सांधा जखडून तोंड न उघडणारे रुग्ण उपचारासाठी येतात. सांधा मोकळा करण्यासाठी बहुधा या मज्जातंतूजवळ, कानापुढे छेद घ्यावा लागत असल्याने, फ्रे लक्षणसमूहाचा हा संभाव्य परिणाम रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक ठरते.

निदानासाठी गालावर आयोडीन लावून, ते वाळल्यावर स्टार्चची पूड भुरभुरतात व लिंबू चोखायला देतात. घाम आलेला भाग निळा-काळा होतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात मात्र सगळाच चेहरा घामेजत असल्याने ही चाचणी थंड, कोरड्या खोलीतच करावी. सौम्य त्रासाला उपचार लागत नाहीत. एरवी ग्लायकोपायरोलेटचा लेप किंवा त्वचेत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने देतात. इंजेक्शनांचा परिणाम अनेक महिने टिकतो व ओसरल्यावर ती पुन्हा देता येतात.