चुनखडकाची साक्ष

इतिहासाची साधने वर्गात सांगताना आपण शिलालेख, नाणी, ताम्रपट आणि बखरी इथवर येऊन थांबतो. अल्बेरूनी तेवढ्यावर थांबला नव्हता. हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ इ. स. १०३० च्या सुमाराचा. येथील जमीन खणली असता गोल गोटे सापडतात. डोंगराजवळ ते मोठे, नद्या संथ होतात तेथे लहान, आणि समुद्राजवळ नुसती वाळू, हे त्याने टिपून ठेवले आहे. त्यावरून हा मैदानी मुलूख पूर्वी समुद्र होता व नद्यांच्या गाळाने भरून आला, असे अनुमान त्याने काढले. एक शब्दही कोरलेला नसलेल्या दगडाला त्याने साक्षीला उभे केले!

मग आपल्या मुंबईच्या समुद्राची साक्ष कोण देणार? उपनगरात पायाखाली पाहून उपयोग नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी काय किंवा मुलुंडचे डोंगर काय, सारा ज्वालामुखीचा दगड. समुद्राचा खरा कारकून चुनखडक. शंखशिंपले, प्रवाळ व डोळ्यांना न दिसणारे जीव यांच्या कवचांचा थर तळाशी साचतो व त्याचा दगड होतो. कोणता जीव किती खोलीवर राहतो हे ठाऊक असल्याने थरावरून तेव्हाच्या पाण्याची खोली कळते.

काही चुनखडक खसखशीएवढ्या गोल कणांचा असतो. संक्रांतीचा हलवा करताना परातीत तीळ हलवीत राहिले की त्यावर पाकाचे पूट चढत जाते. तसेच उथळ, उबदार पाण्यात लाटांनी लोळणाऱ्या वाळूच्या कणावर चुन्याचे पूट चढते. खोल पाण्यात हे घडत नाही. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळावर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचे पठार आहे. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव, सहा फूट. तेव्हा खोली सुमारे ३०० फूट. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे आर. आर. नायर यांनी १९७१ मध्ये या पठारावरील किनाऱ्याच्या दगडाविषयी लिहिले. असे हलव्यासारखे कणही तेथे मिळाले आहेत. किनाऱ्यावरचा दगड ३०० फूट पाण्याखाली! अर्थ उघड आहे. हिमयुगाच्या अखेरीस किनारा आजच्यापेक्षा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस होता.

त्याहून जुनी वही १९७४ मध्ये उघडली. ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल काढले, ते सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकातून. तेथे चुनखडक व चिकणमातीचे थर आळीपाळीने येतात. समुद्र हटला की चुनखडक उघडा पडे, पावसाचे पाणी त्यात पोकळ्या पाडी. समुद्र परतला की नवा थर. त्या पोकळ्यांतच पुढे तेल साठले. समुद्राच्या या ये-जा करण्यावर आज आपल्या मोटारी धावतात म्हणा ना!

मात्र या साक्षीदाराची उलटतपासणी हवी. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले व वाळूचा जोडदगड भरतीरेषेच्याही वर ठिकठिकाणी आढळतो. त्यास करळ म्हणतात. तो सांगतो, समुद्र खाली गेला. उलट १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस गोदीच्या खोदाईत चिखलाखाली ३८२ झाडे निघाली, पैकी २२३ मुळांवर उभी. लाकूड खैराचे, आणि खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. ही झाडे सांगतात, समुद्र वर आला. दोघेही खरेच बोलतात. पाणी हलले की जमीन, हे मात्र दोघांनाही ठाऊक नाही. त्यासाठी दूरदूरचे किनारे ताडून पाहावे लागतात. फिफ्टी फॅदमच्या बाबतीत ते जुळतात: वीस हजार वर्षांपूर्वी जगभरचा समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, कारण पाणी बर्फात अडकले होते. गोदीतल्या खैराला असा जगभरचा पाठिंबा मिळत नाही. म्हणून तेथे मुंबईची जमीनच खचली असावी, असे जुन्या भूशास्त्रज्ञांनी मानले.