पाणवठ्याचा जमाखर्च

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडे-घंगाळी घासून काठोकाठ भरून ठेवायची, ही चाल आपल्याकडे जुनी. ते पाणी घरात कोणी आणले हे सर्वांना ठाऊक असते. ज्या विहिरीतून आणले तिचा गाळ कोणी काढला, दोर कोणी बदलला आणि पैसे कोणी मोजले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. गावच्या पाण्याचा इतिहास या खर्चाच्या बाजूने वाचला, तर तो फार निराळा दिसतो.

बांधकामाला पैसा मिळत नसे असे नाही. विहीर बांधणे हे पुण्यकर्म. अहिल्याबाई होळकरांच्या दानधर्मात घाट-मंदिरांबरोबर विहिरी आणि बारवाही आल्या. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविल्याचा शिलालेख तेथे आहे. ती विहीर बागाईतासाठी, हे खरे. पण बांधणाऱ्याचे नाव राहिले. गाळ उपसणाऱ्यांची नावे कोरलेली विहीर प्रस्तुत लेखकाला तरी अद्याप भेटलेली नाही! उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गावचेच चार गडी दोराने आत उतरत. रहाटाचे लाकूड सुतार पाही आणि त्याचे मोल सुगीला बलुत्यात फिटे. रोकड दिसत नसे, म्हणून खर्चच नाही असा समज झाला. पाणवठ्यापासून घरापर्यंतचा खर्च तर बायकांच्या डोक्यावरच असे, आणि तो कोणत्याच वहीत चढला नाही.

या व्यवस्थेला आणखी एक काळी बाजू होती. राबणुकीत ज्यांचा वाटा, त्यांतल्या अनेकांना पाण्यात वाटा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले असावेत, असा त्याचा आशय. म्हणजे पाणी कोणाचे हे ठरविताना पैसा कोणाचा हेच आधी पाहिले गेले. महाड हे खेडे नव्हे, तेथे नगरपालिका होती, आणि तिने १९२४ साली चवदार तळे कागदोपत्री खुलेही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. विरोधकांनी कोर्टात सांगितले की तळे खाजगी आहे. हा वाद १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात त्यांच्याविरुद्ध मिटला. दहा वर्षे एका मालकीहक्काच्या प्रश्नावर गेली.

स्वराज्यात पाणी हे सरकारचे काम झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. पुढे १९७२ च्या दुष्काळाने विहिरींचे तळ उघडे पाडले आणि कूपनलिका खोदणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. हापसे बसले, पण एका कुटुंबासाठी घडविलेला बिडाचा पंप सबंध गावाने दिवसभर हापसल्यावर किती टिकणार? बंद पडलेल्या हापशांची रांग लागली. जालना व सोलापूर येथे मिशनऱ्यांच्या कारखान्यांत अधिक दणकट पंप घडले, आणि सोलापूरच्या नमुन्यावरून 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. तो जगभर गेला. यंत्र सुधारले, पण ते दुरुस्त कोणी करायचे हा तिढा जागीच राहिला. वायसर झिजला की तालुक्याहून माणूस येईपर्यंत बाया पुन्हा जुन्या आडाच्या वाटेला लागत.

नळयोजनांनी खर्च कमी झाला नाही, त्याने केवळ रूप बदलले. दोराच्या जागी विजेचे बिल आले. २००२ च्या 'स्वजलधारा' योजनेत गावाने भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा आणि चालविण्याचा सगळा खर्च सोसावा, असे ठरले. १५ ऑगस्ट २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप धरले. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते; पंधरा लिटरच्या हंड्याने आणायचे तर अठरांहून अधिक खेपा. एवढ्या खेपा वाचविणाऱ्या नळाची पाणीपट्टी जड का वाटावी, असे शहरातला मनुष्य सहज विचारतो. पण खेप घालणारी एक आणि पट्टी भरणारा दुसरा, असे ज्या घरात असेल तेथे वाचलेल्या खेपेची किंमत मांडणार कोण? गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात ही मिशनची अट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

वसुली हे मात्र मोठे अवघड काम. थकबाकीदार कोणाचा चुलता, कोणाचा व्याही. आणि निवडणूक दाराशी. मार्चअखेर ग्रामसेवक दाखला मागायला आलेल्याला आधी पाणीपट्टीची पावती दाखवायला सांगतो, तेव्हा कुठे चार पैसे जमा होतात; त्यातून मोटारीचे जळलेले वाइंडिंग भरून येते, आणि विजेचे बिल पुढच्या महिन्यावर जाते.